रंगूनची वाटी

माझ्या पुस्तकातल्या एका कृतीबद्दल जितक्या तक्रारी आल्या, तितक्या बाकीच्या सगळ्या कृती मिळून आल्या नसतील. तक्रार एकच असते. "बाई, ही कृती अर्धवट छापली आहे." कृती आहे मोहिंगाची, म्हणजे ब्रह्मदेशात सकाळच्या वेळी खातात त्या माशाच्या दाट रश्श्याची. तिच्या शेवटी मी लिहिलं आहे, 'पातेलं उतरवताना रस्सा फिका लागला पाहिजे. तसाच वाढावा.' हे वाचून पुष्कळांना वाटतं की छापखान्यात दोन ओळी गळाल्या. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या पत्नी तर पातेलं मांडीवर घेऊन रिक्षाने माझ्या दारात आल्या होत्या. झाकण काढून म्हणाल्या, "चाखा. ह्यात काहीतरी राहिलंय." मी चाखलं आणि त्यांना सांगितलं, उत्तम झालंय. त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती मी विसरलेले नाही.

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहा असं मला सांगण्यात आलं तेव्हा म्हटलं, आधी हे पातेलं एकदाचं निस्तरून टाकावं.

मी पाककृतींची पुस्तकं लिहिते. आमचे हे बोटीवर इंजिनीअर होते, आणि लग्नानंतरची काही वर्षं मी त्यांच्याबरोबर बोटीवर फिरले. सिंगापूर, पिनांग, बँकॉक, कोबे. बंदर लागलं की बाकीच्या बायका साड्या आणि घड्याळं बघायला उतरायच्या. मी बोटीच्या एजंटच्या कारकुनाला गाठायचे आणि विचारायचे, तुमच्या घरी आज काय शिजतंय. आई म्हणायची, हिला दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते कळल्याशिवाय स्वतःचा डबा गोड लागत नाही. खोड ती खोड. पण त्या खोडीपायी मी हॉटेलाचं तोंड न बघता कितीतरी परक्या स्वयंपाकघरांत पाटावर, चटईवर, उलट्या घातलेल्या बादलीवर बसून जेवले. तिथे एक गोष्ट लक्षात आली. घरचं जेवण सगळीकडे साधंच असतं, आणि ते आपल्याला जमण्यासारखं असतं.

न्हावा-शेवाचं बंदर सुरू होत होतं तेव्हा ह्यांना किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आणि आम्ही पनवेलला वडाळे तळ्याच्या बाजूला राहायला आलो. पनवेलमध्ये तेव्हा चायनीजच्या लाल गाड्या नुकत्याच उभ्या राहू लागल्या होत्या. लोकांना वाटायचं पूर्वेकडचं खाणं म्हणजे तेवढंच, मोठा जाळ आणि लाल रंग. मंचुरियन खाऊन चीन कळला म्हणणं म्हणजे लग्नातली जिलबी खाऊन नवरीचा स्वभाव कळला म्हणण्यासारखं आहे. मी महिला मंडळाच्या हॉलमध्ये शनिवारचा वर्ग सुरू केला, मग एका मासिकात सदर लिहिलं, आणि त्या सदराचं पुस्तक करायचं एका प्रकाशकांनी ठरवलं. पूर्वेकडचे घरगुती पदार्थ, मराठी ओट्यावर होतील असे. तोवर मराठीत असं पुस्तक मी तरी पाहिलं नव्हतं. आज घरोघरी मुलं गवती चहाला लेमनग्रास म्हणतात त्यात माझा थोडा हात आहे, आणि ह्याचं श्रेय मी कुणालाही देणार नाही.

गवती चहावरून आठवलं. मिरची गल्लीच्या तोंडाशी आलं-पुदिना विकणारा एक भाजीवाला होता. मी जुडीच्या जुडी उचलायला लागले तेव्हा त्याने काही दिवस दम धरला आणि मग न राहवून विचारलं, "काकी, एवढा चहा पितं कोण तुमच्याकडे?" मी म्हटलं, रश्श्यात घालते. त्यानंतर तो मला जुडीबरोबर कधीच काही बोलला नाही, फक्त कोथिंबीर जास्त द्यायला लागला. त्याला माझी दया येत असावी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाककृती लिहिणं म्हणजे काय, केलेलं कागदावर उतरवायचं. तसं नसतं. आपल्या हाताला जे येतं ते आपल्या वाक्याला येत नाही. म्हणून माझी एक रीत होती. कृती लिहून झाली की जिने तो पदार्थ जन्मात खाल्लेला नाही अशा बाईच्या हातात द्यायची. तिने तिच्या घरी, तिच्या भांड्यात करायचं. मी बाहेरच्या खोलीत बसायचं, आत डोकवायचं नाही, हाक मारली तरी उत्तर द्यायचं नाही. पदार्थ बिघडला तर चूक वाक्याची. घरी जायचं आणि वाक्य दुरुस्त करायचं.

अशी माझी सगळ्यात भरवशाची बाई म्हणजे सुगंधावहिनी. उरण रस्त्यावरच्या एका गावात राहायच्या. सासरची मिठागरं होती, त्यातली बरीचशी बंदरात आणि नव्या वसाहतीत गेली. वर्गाच्या हॉलशेजारी त्यांच्या भावाचं दुकान होतं, तिथे त्या सुकं म्हावरं घेऊन यायच्या आणि वासाच्या मागावर एकदा वर चढल्या. परका पदार्थ म्हटलं की त्यांचे डोळे लकाकायचे, पण हात मात्र स्वतःच्या सवयीने चालायचे. मला हवी होती ती नेमकी अशीच बाई.

पहिल्याच परीक्षेत माझा फ्राइड राइस त्यांनी इतका खारट केला की पाणी पिऊन माझं पोट भरलं. मी म्हटलं, "वहिनी, सोया सॉसमध्ये मीठ असतं. मी लिहिलंय ना, चव बघून मीठ घाला."

त्या म्हणाल्या, "चव कशी बघू? देवाला दाखवल्याबिगर आमी चाखत नाय. जेवान उष्टा व्हतं."

"मग मीठ बरोबर पडलं हे कसं कळतं?"

"हाताला कलतं. आन आमी मिठागरवाले, आमाला मीठ तुमी शिकवता?"

खारट भात समोर असताना हे बोलायला छाती लागते. पण मुद्दा खरा होता. मी दुसऱ्या घरी विचारलं, तिसऱ्या घरी विचारलं. जोशीण असो, माळीण असो, रांधताना कुणीच चाखत नव्हतं. माझी आईही चाखत नव्हती. बोटीवरच्या वर्षांत मीच ती रीत सोडली होती आणि सोडली हे विसरूनही गेले होते. आणि पूर्वेकडची अर्धी कृती तर 'चाखा, घाला, पुन्हा चाखा' ह्यावरच उभी असते. न चाखणाऱ्या बायकांसाठी मी चाखायचं पुस्तक लिहायला बसले होते.

सगळं पुन्हा लिहिलं. जिथे जिथे 'चवीनुसार' होतं तिथे वास, आवाज, रंग आणले. लसणाचा कच्चा वास गेला की, तेलाची तडतड बसली की, कडेला चकाकी आली की. प्रकाशक म्हणाले, ह्या कृती वाचताना रेडिओ ऐकल्यासारखं वाटतं. मी ते कौतुकच धरलं.

ह्या सुमाराला हलिमाबी वर्गात आल्या. मोहल्ल्यात राहणाऱ्या, साठीच्या आसपासच्या, पांढरी ओढणी डोक्यावरून नीट घेतलेली. शेवटच्या रांगेत बसायच्या, काही लिहून घ्यायच्या नाहीत, चाखायला पुढे यायच्या नाहीत. बाकीच्यांचे प्रश्न चालायचे. एक बाई विचारायच्या, थाई करी उपासाला चालेल का. दुसरीला कांदा, लसूण, मशरूम आणि माशाचं पाणी सोडून बाकी सगळं चालत होतं. हलिमाबी फक्त ऐकायच्या. चौथ्या की पाचव्या शनिवारी हॉल रिकामा झाल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"बाई, तुम्ही रंगूनचं काही शिकवता का?"

रंगूनला मी कधी उतरले नव्हते. तसं सांगितलं. त्या मान हलवून निघाल्या, आणि मला कसं सोडवेल? मी त्यांना बसवून घेतलं.

त्यांचा जन्म रंगूनचा. आपल्या कोकणातले पुष्कळ मुसलमान तेव्हा व्यापाराला ब्रह्मदेशात असायचे. त्यांच्या वडिलांचं लुंग्यांच्या कापडाचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर. जपान्यांचे बॉम्ब पडायला लागले तेव्हा वडिलांनी आईला आणि लेकीला बोटीत बसवून दिलं. दुकानाची निरवानिरव करून मागच्या बोटीने येतो म्हणाले. ते आले नाहीत. काही कळलंही नाही. हलिमाबी तेव्हा सात-आठ वर्षांच्या असतील.

"फोटो नाही," त्या म्हणाल्या. "अम्मीने त्यांचं नाव घेणं सोडून दिलं. मला अब्बांचा चेहरा याद नाही, आवाज याद नाही. काहीच नाही. फक्त सकाळी मोहिंगा खायचो, त्याची चव जिभेवर आहे. मला वाटतं, ती चव एकदा परत मिळाली तर तिच्याबरोबर आणखी काही तरी येईल. कुणास ठाऊक. अम्मी होती तोवर विचारायची हिंमत झाली नाही, आता ती पण नाही."

"करायचं कसं, काही आठवतं?"

"खाणाऱ्या पोरीला काय माहीत? मासा होता. केळीचं काही तरी होतं. शेवया होत्या. आणि बाई, वास होता."

प्रकाशकांना पुस्तकात ब्रह्मदेश हवा होताच, पण खरं सांगते, त्या दिवसापासून पुस्तक मागे पडलं. एका बाईला तिचे वडील हवे होते आणि त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता एका पातेल्यातून होता. अशी कामगिरी मला पूर्वी कुणी दिली नव्हती.

पिनांगला एका ब्रह्मदेशी कुटुंबाशी माझी ओळख झाली होती. त्यांच्याकडून पदार्थाचा सांगाडा ऐकला होता, खाल्ला मात्र नव्हता. आता मी एकेक वस्तू पनवेलमध्ये शोधायला लागले आणि थक्क झाले. पिठूळ मासा हवा होता, तर आपला शिंगाळा होता. तांदळाच्या बारीक शेवया हव्या होत्या, तर कोकणात नारळाच्या रसाबरोबर खातो त्या शिरवाळ्या होत्या. रश्श्याला दाटपणा आणायला भाजलेल्या तांदळाचं पीठ. ते तर घरात होतंच. केळीच्या खांबाचा कोवळा गाभा लागतो. शेजारच्या पूजेत चौरंगाला बांधलेल्या केळी मी इतक्या निरखून बघत होते की शेजारीण मला म्हणाली, तुमच्यात भक्ती वाढली हो हल्ली. शेवटी गाभा सुगंधावहिनींच्या परसातून आला.

राहिला तो वास. तिकडे मासे-कोळंबी खारवून, कुजवून एक लगदा करतात. मी वहिनींकडून जवळा आणून मिठात कुटला आणि बरणीत भरून गॅलरीत उन्हाला ठेवला. आठवड्याभरात आमच्या इमारतीत गटार फुटल्याची वदंता झाली. नगरपालिकेची दोन माणसं काठ्या घेऊन येऊन गेली, त्यांना काही सापडलं नाही. ह्यांनी मला एवढंच विचारलं, हे खाल्ल्यावर आपण इथेच राहणार आहोत ना. बरणी अखेर सुगंधावहिनींच्या मागल्या पडवीत गेली. तिथे तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

मग मी मोहिंगा केला आणि हलिमाबींना बोलावलं. त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली, वास घेतला आणि त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, जिंकलं. त्यांनी एक चमचा तोंडात घेतला, थांबल्या आणि वाटी खाली ठेवली.

"खूप छान झालंय," त्या म्हणाल्या. "वास तोच आहे. पण हे ते नाही."

त्या वर्षभरात मी तो रस्सा किती प्रकारांनी केला असेल त्याची मोजदाद नाही. आंबट कमी पडलं म्हणून आमसूल घातलं. आंबट झालं म्हणून गुळाचा खडा घातला. तिखट वाढवलं, मग ते बसवायला नारळाचं दूध. दर वेळी हलिमाबी यायच्या, दर वेळी आनंदाने वास घ्यायच्या आणि दर वेळी पहिल्या चमच्याला त्यांचा चेहरा विझायचा. त्या इतक्या अदबीने "हे ते नाही" म्हणायच्या की मला त्यांनी वाटी भिरकावली असती तर बरं वाटलं असतं. एकदा म्हणाल्या, "बाई, राहू द्या. एवढी का तकलीफ घेता?" मी म्हटलं, तकलीफ तुमच्यासाठी नाही, मला झोप लागत नाही म्हणून. ते निम्मं खरं होतं. दुसरं निम्मं असं की त्यांच्या चेहऱ्यावरची आशा दर खेपेला थोडी कमी व्हायची, आणि ती माझ्या हातून कमी होत होती.

मग एका रविवारी ह्यांनी मिस्टर आँग ह्यांना जेवायला आणलं. ते एका मालवाहू बोटीवर थर्ड इंजिनीअर होते, बोट दुरुस्तीसाठी अडकली होती. माणूस ब्रह्मदेशाचा आहे हे ह्यांनी मला दारात सांगितलं. माझी काय धांदल उडाली असेल ते बघा. सकाळीच केलेला रस्सा तयार होता. मी तो वाढला आणि त्यांच्या समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. भल्या गृहस्थाने न लाजता अर्धी वाटी संपवली. मग ते टेबलावर इकडेतिकडे बघायला लागले.

"काही हवंय का?" मी विचारलं.

त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही बंदरावर शिकलेली, त्यामुळे एकमेकांना चांगली समजत होती. त्यांनी विचारलं, "हे कुणासाठी केलं आहे?"

"तुमच्यासाठीच."

"तसं नाही. हे आधीच कुणाच्या तरी जिभेचं करून झालं आहे. सगळं पातेलं एकाच माणसाचं झालंय." ते हसले. "आमच्याकडे पातेलं कुणाचंच नसतं. ते फिकं असतं. लिंबू, भाजलेली मिरची, माशाचं पाणी, कोथिंबीर, तळलेला कांदा, सगळं बाजूला असतं. ज्याची त्याची वाटी वाटीतच पुरी होते."

ते गेल्यावर मी ओट्याला टेकून हसत उभी राहिले. आपल्याकडे आंबट-गोड-तिखट जुळल्याशिवाय पातेलं खाली उतरवत नाहीत. पाहुण्याला आमटीत मीठ मागावं लागलं तर गृहिणीची मान खाली जाते. आईने ते माझ्यात इतकं मुरवलं होतं की पातेलं अपुरं ठेवायचं असतं हे मला सुचणंच शक्य नव्हतं. वर्षभर मी प्रत्येक खेपेला रस्सा पुरा करत होते आणि हलिमाबींना माझी वाटी खायला घालत होते.

आता करायचं सोपं होतं, पण मला ते जमेना. चाखलं की हात मिठाच्या भांड्याकडे गेलाच म्हणून समजा. तेव्हा लक्षात आलं की ह्याला न चाखणारा हात पाहिजे. मी कृती लिहून सुगंधावहिनींना नेऊन दिली. त्यांनी वाचली आणि कागद परत माझ्या हातात ठेवला.

"नाय जमायचा. पावन्याला अळनी जेवान वारू? सासू वरून बघतेय माजी."

"अळणी नाही हो. बेताचं मीठ आहे. बाकीचं त्या पानात घेतील."

"म्हंजे माज्या घरात येऊन त्यांनी सोताच रांधायचा?" त्या बराच वेळ धुसफुसत होत्या. मग हलिमाबींच्या वडिलांची गोष्ट मी त्यांना पहिल्यांदा सांगितली. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बुधवारी आना त्यांना. शिंगाला ताजा गावेल."

बुधवारी दुपारी आम्ही एसटीने गेलो. मी रीतीप्रमाणे ओसरीवर बसले, हलिमाबी माझ्याजवळ. त्या आदल्या रात्रीच मला निरोप पाठवून येत नाही म्हणाल्या होत्या, आणि सकाळी तयार होऊन माझ्याच दारात उभ्या राहिल्या होत्या. "ही शेवटची खेप," त्यांनी वाटेत सांगितलं. "आता उम्मीद ठेवायची ताकद नाही." आतून गवती चहाचा आणि माशाचा वास येत होता, मागोमाग त्या जवळ्याचा. मी बोलायचं नाही ठरवलं होतं आणि मला ते फार जड गेलं.

सुगंधावहिनींनी चटईवर तीन वाट्या मांडल्या आणि मधे ताटात लिंबाच्या फोडी, भाजक्या मिरचीची पूड, बरणीतलं खारं पाणी, कोथिंबीर, तळलेला कांदा, चुरलेले डाळवडे. वाढताना त्या हलिमाबींकडे बघत नव्हत्या, लाजेने. हलिमाबींनी एक चमचा घेतला. चेहरा विझला नाही, पण उजळलाही नाही. त्या वाटी मांडीवर धरून नुसत्या बसून राहिल्या.

"लिंबू पिला ना त्याच्यात," वहिनी न राहवून म्हणाल्या. "फिका हाय मना म्हाईत हाय."

हलिमाबींनी लिंबाची फोड उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. गोंधळल्यासारख्या दिसत होत्या.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या. "किती पिळायचं, माहीत नाही. माझी वाटी मी कधी केलीच नाही."

"मग कोण करायचं? आई?" मी विचारलं.

"अम्मी चुलीजवळ असायची. तिकडूनच वाढून द्यायची." त्या एकदम बोलायच्या थांबल्या.

बाहेर कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या. हलिमाबींनी स्वतःची वाटी बाजूला ठेवली आणि माझी वाटी पुढे ओढून घेतली. उजव्या हातात लिंबू धरून पिळलं. चिमूटभर मिरची टाकली. चमच्याने रस्सा घेऊन चाखला, माझ्या वाटीतला, माझ्याच चमच्याने. थोडं खारं पाणी घातलं, पुन्हा चाखलं. मान हलवली. पुन्हा लिंबू उचललं. त्या आता आमच्याकडे बघत नव्हत्या. एखादं लहान मूल तोंड उघडून समोर बसलं असावं तसं त्यांचं त्या वाटीकडे लक्ष होतं.

मधेच त्यांचा हात थांबला. कपाळावर आठी पडली.

"असं नाही," त्या स्वतःशी म्हणाल्या.

त्यांनी लिंबाची फोड उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, चमचा उजव्यात धरला, आणि पिळलं. मग वाटी डाव्या हातानेच माझ्यापुढे सरकवली. आपल्याकडे डाव्या हाताने कुणाला खायला देत नाहीत, त्यांच्याकडेही देत नाहीत, आणि उष्ट्याचं तर मी वर सांगितलंच आहे. सुगंधावहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी वाटी उचलली आणि खाल्ली. चव इतकी चांगली होती की मला रडू आलं.

"अम्मी चुलीकडून ओरडायची," हलिमाबी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी हलका झाला होता. "रोज. डाव्या हाताने लेकीला देऊ नका म्हणायची. ते हसायचे आणि तसंच द्यायचे."

त्यांनी आपला डावा हात वर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

"अब्बा डावखुरे होते," त्या म्हणाल्या.